रॅकेटवरल्या दोन अक्षरांची मोहीम

चिरंजीव, राजमान्य, बॉयलर-दुरुस्ती-धुरंधर, मुक्काम कारखाना, यांसी तीर्थरूपांचे अनेक आशीर्वाद. विशेष. आपण फोनवर पृच्छा केली जे, "बाबा, रविवारी नक्की काय झालं? आई म्हणते काही नाही झालं, आणि हिचा तर आवाजच बसलाय." ऐसियास, वर्तमान साद्यंत लिहोन पाठवावे हा मनसुबा केला. आम्ही दप्तरखान्यात चौतीस वर्षे जुन्या कागदांची राखण केली, त्या चाकरीत आमच्या भाषेस जो जुना वास लागला तो निवृत्तीनंतरही गेला नाही, तो गोड मानोन घ्यावा. जे डोळ्यांनी पाहिले ते लिहिले, जे पाहिले नाही ते सूनबाईंस विचारोन लिहिले, आणि जे दोघांसही ठाऊक नव्हते तेथे किंचित अजमास केला, परंतु तो अजमास आहे ऐसे कोणास सांगू नये.

प्रथम मोहिमेचे कारण. आपल्या मातुःश्री, ज्यांस सारा गाव सिस्टर म्हणतो, यांनी एकतीस वर्षे इस्पितळात उभ्याने चाकरी केली आणि हजारो रोग्यांस पायांवर उभे केले, त्यात स्वतःचा उजवा गुडघा खर्ची पडला. मोठ्या डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो उजेडाकडे धरोन फर्मान काढिले जे, बुधवारी गुडघा बदलावा, नंतर चालावे-फिरावे, जिने हळू उतरावे, आणि बॅडमिंटनचे नाव टाकावे. मातुःश्रींनी फर्मान मान्य केले, फक्त एक अर्ज केला जे, रविवारी हॉलमध्ये 'घरची जोडी' सामने आहेत, तेवढे खेळोन मग बुधवारी रुजू होते. घरची जोडी म्हणजे एकाच घरातील दोघांनी मिळोन खेळावे, ऐसी त्या हॉलची वहिवाट. सासू-सून ऐसी जोडी साऱ्या हॉलात एकच, आणि ती गेली दोन वर्षे पहिल्याच फेरीत गारद होत आली. शनिवारी गुडघ्यास शेक देता देता मातुःश्री म्हणाल्या, "एक तरी सामना जिंकू दे मला. एकच. मग काय कापायचं ते कापा." हे त्या आम्हांस म्हणाल्या नाहीत, गुडघ्यास म्हणाल्या, परंतु आम्ही दाराआड ऐकिले.

मग रविवारी सकाळी सात वाजता फौजेने कूच केले. आघाडीस मातुःश्री, गुडघ्यास पट्टा, केसांस जाळी. त्यांच्या बगलेस सूनबाई, पाठीवर रॅकेटची पिशवी. पिछाडीस बखरकार, म्हणजे आम्ही, ज्यांजकडे पाण्याच्या तीन बाटल्या, बर्फाची पिशवी, पाच केळी, दोन नॅपकिन आणि मातुःश्रींचे जादा मोजे ऐसा सरंजाम होता, आणि ज्यांस वाटेत चार वेळा विचारिले गेले की बर्फ घेतला ना. मोटार हॉलच्या फाटकाशी लावोन आत शिरलो तों नोटीस-फळ्यापुढे गर्दी लोटलेली, आणि फळ्यावर, टाचणीचे डोके अजून चमकते आहे ऐसा ताजा कागद.

कागदाचा मजकूर ऐसा जे, या स्पर्धेत ज्या रॅकेटवर आपल्या मुलखाचा शिक्का 'एल एम' छापिला असेल तीच रॅकेट चालेल, परमुलखाच्या शिक्क्याची रॅकेट बाद, उसनी रॅकेट चालणार नाही, तपासणी साडेआठास टेबलाशी, हुकमावरून सेक्रेटरी.

हा शिक्का काय चीज आहे ते आम्हांसही तोवर ठाऊक नव्हते, सबब खुलासा करितो. रॅकेटची दांडी जेथे मुठीत शिरते तेथे एक टोपण असते, आणि त्या टोपणावर कारखानदार तांदळाच्या दाण्याएवढी दोन अक्षरे छापितो, जी सांगतात की ही रॅकेट कोणत्या मुलखाच्या बाजारासाठी रवाना केली. रॅकेट तीच, वजन तेच, फक्त रवानगीचा पत्ता निराळा. आमच्या मुलखाच्या वितरकास मात्र या अक्षरांचा मोठा जाच होता. लोक परमुलखातल्या नातेवाइकांकडोन रॅकेटी आणवितात आणि मोडल्या म्हणजे वॉरंटीचा तगादा त्यांच्या दुकानी लावितात. म्हणोन त्यांनी यंदा स्पर्धेस ढाल दिली, शटलांचे डबे दिले, विजयी जोडीस दोन कोऱ्या रॅकेटी रंगीत कागदात गुंडाळोन दिल्या, आणि मग शनिवारी सायंकाळी सेक्रेटरींस फोन करोन हे कलम घातले. त्यांची तकरार अगदीच बिनबुडाची होती ऐसे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या दिवशी दुकाने बंद त्या दिवशी सकाळी कलम डकवावे, याला कारभार म्हणत नाहीत.

आता सेक्रेटरी. हे पेशाने टायरवाले, मनाने वाईट नव्हेत, हॉलचे छप्पर गळले तर स्वतः वर चढणारे. वय अठ्ठावन्न, केस तुळतुळीत काळे, आणि तो काळेपणा दर पंधरवड्यास नवा होतो हे सर्वांस ठाऊक. ते बरोबर साडेआठास टेबलामागे बसले, शेजारी वितरक पाहुण्यांच्या खुर्चीवर बसले, आणि आठ जोड्या सोळा रॅकेटी घेवोन रांगेत उभ्या राहिल्या. सेक्रेटरी एकेक रॅकेट हाती घेत, उजेडाकडे कलती करीत, हात लांब करीत, मान मागे नेत, गंभीरपणे हुंकार देत आणि म्हणत, "ठीक." मग वितरक तीच रॅकेट घेत, तितकाच हात लांब करीत आणि म्हणत, "ठीक." ऐसे करोन पाच जोड्या पार जाहल्या. मातुःश्रींची रॅकेटही ठीक ठरली.

आणि येथे सूनबाईंकडोन जी चूक जाहली ती त्यांच्याच हातून होणार होती. आपणांस ठाऊक आहे की सूनबाई चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढितात, दिवसभर अंधाऱ्या खोलीत उभ्या राहोन 'खालची ओळ वाचा' म्हणतात, आणि त्या सवयीने जेथे म्हणोन बारीक अक्षर दिसेल तेथे ते मोठ्याने वाचितात. औषधाच्या बाटलीवरले वाचितात, बिस्किटाच्या पुड्यावरले वाचितात, एकदा लग्नात नवरदेवाच्या कोटाच्या आतले वाचिले होते. तर त्यांनी आपली रॅकेट, जी आपल्या भगिनींनी परमुलखातून 'वहिनीसाठी' म्हणोन पाठविली, ती टेबलावर ठेविली आणि निष्पाप मनाने म्हणाल्या, "काका, माझ्यावर आर टी आहे. चालेल ना?"

चालेल कैसे! सेक्रेटरींस सकाळपासोन प्रथमच काही हाती लागले. त्यांनी रॅकेट न पाहताच बाजूस ठेविली आणि जाहीर केले जे, परमुलखाची रॅकेट, बाद. सबब जोडी बाद.

मग बखरकार वकील म्हणोन पुढे गेले. केळी खाली ठेविली, हात जोडिले आणि अर्ज गुदरिला जे, बुधवारी शस्त्रक्रिया आहे, पुढल्या वर्षी या बाई नसतील, म्हणजे असतील, परंतु कोर्टावर नसतील, सबब एक दिवस मुभा असावी. सेक्रेटरींचा चेहरा पडला, ते वितरकांकडे पाहू लागले, वितरक ढालीकडे पाहू लागले, आणि सेक्रेटरी हळूच म्हणाले, "काका, माझ्या हातात असतं तर... पण एकाला सोडलं की सगळे येतील हो." दंतवैद्य, ज्यांशी आमचा पहिला सामना होता, ते भले गृहस्थ, आपली दुसरी रॅकेट पुढे करोन म्हणाले, ही घ्या. परंतु उसनी चालणार नाही ऐसे कलमात स्पष्ट लिहिलेले. वकिली हात हालवीत परत आली.

तों मातुःश्री बाकावर जावोन बसल्या. खाली वाकोन गुडघ्याचा पट्टा सोडू लागल्या. पट्ट्यास तीन बंद आहेत, त्यातील पहिला सोडिला, आणि त्याचा जो चर्र आवाज जाहला तो, चिरंजीव, आम्ही लग्नानंतर सदतीस वर्षांत ऐकिलेल्या आवाजांत सर्वांत वाईट. आम्ही बर्फाच्या पिशवीकडे पाहत उभे राहिलो, कारण दुसरीकडे पाहवेना.

सूनबाईंनी तो आवाज ऐकिला आणि त्या बाकाशी आल्या नाहीत. टेबलापासोन सहा हातांवर उभ्या राहिल्या आणि उरलेली तपासणी पाहू लागल्या. आणि मग त्यांस जे दिसले ते साऱ्या हॉलात त्यांनाच दिसत होते. कोपऱ्यावरल्या शिंपीकाकांच्या रॅकेटवर 'पी जी' होते, ती ठीक ठरली. भिंतीशी टेकविलेल्या बहीण-भावांच्या दोन रॅकेटींवर 'आर टी' होते, त्याही ठीक ठरल्या होत्या. टेबलामागील दोघांपैकी कोणासही ती अक्षरे दिसत नव्हती! दोघांचे जवळचे नंबर काय आहेत हेही सूनबाईंस तोंडपाठ होते, कारण ते त्यांनीच काढिले होते, आणि दोघांनी चष्मे करवोन घेवोन खोक्यात ठेविले होते, की चारचौघांत वय दिसू नये. खेळणाऱ्यांचीही तीच तऱ्हा. इतक्या वर्षांत आपल्या रॅकेटवरले ते अक्षर कोणी वाचिलेच नव्हते.

सूनबाई धावत बाकाशी आल्या आणि मातुःश्रींच्या कानाशी लागोन सर्व मसलत सांगितली. मातुःश्रींचा हात दुसऱ्या बंदावर थांबला. परंतु त्यांनी प्रथम जे विचारिले ते ऐकण्याजोगे आहे.

"त्यांचे नंबर सांगणार आहेस चारचौघांत?"

"नाही आई. एक अक्षर नाही काढणार."

"पेशंटचं बाहेर बोलायचं नाही. सामना गेला तरी चालेल."

"नाही बोलणार. फक्त वाचायला सांगणार."

मग मातुःश्रींनी सोडलेला बंद पुन्हा आवळिला. "जा," म्हणाल्या.

सूनबाई टेबलाशी गेल्या. टेबलाच्या कडेस सेक्रेटरींची स्वतःची रॅकेट होती, कारण तेही आपल्या मेहुण्यासमवेत खेळणार होते. सूनबाईंनी ती उचलिली, नम्रपणे त्यांच्या हाती दिली आणि म्हणाल्या, "काका, मघाशी मी घाईत वाचलं. तुम्ही एकदा बघता? माझी चूक झाली असेल." सेक्रेटरींनी रॅकेट घेतली, हात लांब केला, मान मागे नेली, डोळे बारीक केले आणि खणखणीत आवाजात निवाडा दिला जे, "आर टी. स्पष्ट आर टी आहे. बाद म्हणजे बाद." वितरकांनीही घेतली, कलती केली आणि दुजोरा दिला.

सूनबाई टेबलावर वाकल्या आणि सेक्रेटरींपुरत्या आवाजात म्हणाल्या, "काका, ही तुमची रॅकेट आहे. आणि आर टी नाहीये, पी जी आहे."

सेक्रेटरींनी रॅकेट फिरवोन पाहिली, मूठ ओळखिली, मुठीवरली आपल्याच हातची निळी पट्टी ओळखिली, आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल जाहल्या. सूनबाईंनी हे आवाज चढवोन सांगितले असते तर त्यांस तोंड लपवावयास जागा उरली नसती. आवाज चढविला नाही, यात त्यांचे शहाणपण दिसोन आले, परंतु रांगेतल्यांचे कान पुढे होते आणि कुजबूज दारापर्यंत पोहोचली.

तेव्हा मातुःश्री उठल्या. पट्टा आवळलेला, हात कमरेवर, आणि ज्या आवाजात त्यांनी एकतीस वर्षे वॉर्डातील नातेवाइकांस खाटेवरोन उठविले त्या आवाजात हुकूम सोडिला, "सगळ्यांनी आपापल्या रॅकेटी आणा. रांगेत या. गडबड नको. ती वाचेल." आणि सारे निमूट रांगेत आले, वितरकही अर्धवट उठोन पुन्हा बसले. सूनबाई एकेक रॅकेट घेवोन मोठ्याने वाचू लागल्या आणि बखरकारांनी पावतीच्या पाठीवर नोंद केली. आर टी. पी जी. पी जी. एस ए. आर टी. मातुःश्रींची, जी खुद्द वितरकांच्या दुकानातून घेतली होती, ती पी जी. सोळा रॅकेटींत एल एम निघाल्या तीन, त्यातील दोन दंतवैद्याच्या घरच्या. मग शिंपीकाका म्हणाले, बक्षिसाच्याही पाहा की. कागद फाडिला. दोन कोऱ्या रॅकेटी, आणि दोहोंवर 'आर टी'!

सर्वांनी वितरकांकडे पाहिले. वितरकांनी रॅकेट नाकाशी आणिली, हातभर दूर नेली, पुन्हा नाकाशी आणिली, आणि मग कोणी काही बोलण्यापूर्वीच खिशात हात घालोन खोके काढिले, खोक्यातून चष्मा काढिला आणि चढविला. बराच वेळ पाहत राहिले. अखेरीस म्हणाले, "च्यायला. वरून माल जसा येतो तसाच मी देतोय की लोकांना." आणि पहिले तेच हसले. हे त्यांच्या मोठेपणाचे, म्हणोन मुद्दाम नोंदितो.

मग उभ्या उभ्या तह जाहला. कलम रद्द, कागद फळ्यावरोन उतरावा, ज्याची जी रॅकेट आहे तिने त्याने खेळावे, आणि वितरकांच्या दुकानातून घेतलेल्या रॅकेटीची वॉरंटी मागावयाची तर पावती दाखवावी, अक्षरे नव्हेत. सेक्रेटरींनी टाचणी स्वतः काढिली आणि जाता जाता सूनबाईंस हळूच म्हणाले, "ताई, तुम्ही मला वाचवलंत." सूनबाई म्हणाल्या, "सोमवारी दुकानात या काका, फ्रेम बदलून देते. ती तुम्हाला शोभत नव्हतीच."

आता युद्ध. समोर दंतवैद्य आणि त्यांची कॉलेजातली लेक, बाप संथ आणि धूर्त, लेक म्हणजे वीज. मातुःश्रींनी नेटजवळील मोर्चा घेतला आणि पाठीमागील सर्व मुलूख सूनबाईंवर सोडिला. पहिला डाव एकवीस-सतरा आमचा. दुसऱ्यात वैद्यांनी गुडघ्याचा भेद ओळखिला, शटल एकदा डावीस एकदा उजवीस टाकू लागले, आणि डाव एकवीस-चौदा त्यांचा. येथे आम्ही बर्फ घेवोन धावलो. मातुःश्रींनी बर्फ लाविला, केळ्यास नकार दिला, आणि सूनबाईंस म्हणाल्या जे, "मला शटल उशिरा दिसतं गं. सांगितलं नव्हतं कुणाला." सूनबाई म्हणाल्या, "मग मी ओरडते. मी 'घ्या' म्हटलं की घ्यायचं, 'सोडा' म्हटलं की हलायचं नाही." आणि तिसऱ्या डावात सूनबाई प्रत्येक शटलास ओरडल्या, घ्या, सोडा, सोडा, घ्या, इतक्या की शेजारच्या कोर्टावरले दोन वेळा थांबले आणि एकाने चुकोन सोडिले. आवाज बसला तो येथे.

वीस-एकोणीस. एक गुण उरला. वैद्यांनी उंच टाकिले, सूनबाईंनी मागोन फटका मारिला, वैद्यकन्येने तो कैसाबैसा उचलिला आणि शटल नेटच्या उजव्या टोकास अलगद पडू लागले. मातुःश्री डाव्या टोकास. मध्ये तीन पावले, आणि ती तिन्ही त्या गुडघ्याची. सूनबाईंच्या तोंडोन "सोडा" निघेना आणि "घ्या" निघेना, कारण त्यांस सामना हवा होता आणि सासूही हवी होती. मातुःश्रींनी कोणाची वाट पाहिली नाही. एक पाऊल टाकिले, दुसरे टाकिले, तिसऱ्यास गुडघा वाकला आणि त्या खाली बसल्या, परंतु बसता बसता रॅकेट पुढे होती. शटल तारांस लागले, नेटच्या पट्टीवर क्षणभर बसले आणि पलीकडे उतरले.

बखरकार बुटांसकट कोर्टात शिरले, जे त्या हॉलात सक्त मना आहे. मातुःश्री जमिनीवर बसोन हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी चालले होते, आणि सूनबाई त्यांच्या गळ्यात पडोन बसक्या आवाजात काही बोलत होत्या, ते त्या दोघींसच कळले. दंतवैद्यांनी नेटखालोन येवोन हात दिला. सेक्रेटरींनी चष्मा लावोन गुणपत्रक लिहिले आणि बखरकारांच्या बुटांकडे पाहिले नाही.

पुढली फेरी खेळणे जाहले नाही. गुडघा नारळाएवढा सुजला. मातुःश्रींनी सेक्रेटरींस कळविले जे, आमची जोडी येथोन रजा घेते, हरली ऐसे लिहू नये. त्यांनी तैसे लिहिले नाही.

बुधवारी शस्त्रक्रिया नीट जाहली, ते आपणांस फोनवर कळविले आहेच. परंतु आज सकाळचे कोणी कळविले नसेल. व्यायाम शिकविणाऱ्या बाई आल्या, मातुःश्रींस खाटेच्या कडेस बसविले, वॉकर पुढे ठेविला आणि विचारिले जे, आज कुठवर जायचं ठरवू या, दारापर्यंत की खिडकीपर्यंत? सूनबाई वॉकर धरोन उभ्या होत्या. मोठ्या डॉक्टरांचे फर्मान खाटेच्या पायथ्याशी टांगिलेले होते, त्यात बॅडमिंटनविषयी जे लिहावयाचे ते लिहिलेले होते. मातुःश्रींनी ते वाचिले, मग सूनबाईंकडे पाहिले आणि म्हणाल्या, "नेटपर्यंत."

आणि उठल्या.

सबब तारीख मजकुरी लिहोन ठेविले जे, सासू आणि सून यांनी मिळोन एक सामना, तीन डाव, एकवीस-सतरा, चौदा-एकवीस, एकवीस-एकोणीस, ऐसा जिंकिला. मोहीम फत्ते जाहली. दप्तरी दाखल.